शाळेने विकत घेतलेलं अ‍ॅप शाळेकडे राहावं म्हणून

शाळेतलं बाक, भिंतीवरचा नकाशा, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक या सगळ्यांवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला असतो आणि तोच क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असतो. वस्तू कुणाची आणि सध्या कुठे आहे, हे त्यावरून कळतं. 2010 मध्ये आयपॅड बाजारात आला आणि अमेरिकेतल्या शाळांनी तो वर्गात आणला, तेव्हा त्याच्याही पाठीवर क्रमांक चिकटला. त्या आयपॅडवरच्या अ‍ॅपला मात्र असा क्रमांक नव्हता. पैसे शाळेचे, म्हणजे तिथल्या करदात्यांचे. पण विकत घेतलेलं अ‍ॅप नेमकं कुणाच्या मालकीचं, याचं समाधानकारक उत्तर मिळायला 2015 उजाडलं. अ‍ॅपलच्या घाऊक खरेदी योजनेत कोडांकडून केंद्रीय व्यवस्थापनाकडे जो प्रवास झाला, तो याच प्रश्नाचा आहे.

कोडांची यादी

अ‍ॅपलने अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांसाठी घाऊक खरेदीची योजना 2010 मध्ये सुरू केली. वीस किंवा त्याहून जास्त प्रती घेतल्या, तर विकसकाची तयारी असलेल्या अ‍ॅपवर निम्मी सूट मिळे. पैसे भरले की शाळेच्या हाती एक स्प्रेडशीट येई. तीस प्रती म्हणजे तीस कोड. एक कोड एकदाच वटायचा. विद्यार्थ्याने तो आपल्या अ‍ॅपल आयडीवर वटवला, की अ‍ॅप त्या आयडीच्या खरेदीत कायमचं जमा.

अडचण इथेच होती. ग्रंथालयातून दिलेलं पुस्तक परत येतं, बक्षीस समारंभात दिलेलं येत नाही. कोड म्हणजे प्रत्येक वेळी दिलेलं बक्षीसच होतं. मूल शाळा सोडून गेलं, की अ‍ॅपही त्याच्याबरोबर जाई. समजा, दहा डॉलरचं एक अ‍ॅप निम्म्या किमतीत तीस मुलांसाठी घेतलं. खर्च दीडशे डॉलर. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली की पुन्हा दीडशे, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दीडशे. वर्गात मुलं तीसच, पण तीन वर्षांत नव्वद प्रतींचे पैसे गेले. हे नुकसान कुठल्याच खात्यात तोटा म्हणून दिसत नाही, म्हणून मला ते जास्त गंभीर वाटतं.

ट्रॉलीतले तीस आयपॅड

बहुतेक ठिकाणी आयपॅड मुलांना घरी दिलेले नसत. चार्जिंगची सोय असलेल्या ट्रॉलीत ते रांगेने ठेवलेले असत आणि ती ट्रॉली वर्गावर्गांतून फिरे. मग अ‍ॅप कुणाच्या आयडीवर घ्यायचं? साधा तोडगा म्हणून सगळ्या ट्रॉलीला एकच अ‍ॅपल आयडी दिला जाई. अ‍ॅप अद्ययावत करायचं म्हटलं की प्रत्येक आयपॅड त्याच आयडीचा पासवर्ड मागे आणि कुणीतरी तो तीस वेळा टाकत बसे. बहुधा तो संगणकाची जबाबदारी अंगावर घेतलेला एखादा शिक्षक असे, आणि काम शाळा सुटल्यावर चाले.

2012 मध्ये अ‍ॅपलने कॉन्फिगरेटर नावाचं मॅकवर चालणारं साधन दिलं. आयपॅड केबलने मॅकला जोडायचे, कोडांची यादी आत घ्यायची आणि एकदम अ‍ॅप चढवायचं. शाळेच्या देखरेखीखाली घेतलेल्या आयपॅडवरून कोड परत काढूनही घेता येत. ही मोठी सुधारणा होती. पण सगळी नोंद त्या एका मॅकमध्ये राही. तो मॅक बिघडला आणि त्याची प्रत राखलेली नसली, तर कुठला कोड कुठल्या आयपॅडवर आहे हे सांगणारं कुणी उरत नसे.

2013: दिलेला परवाना परत घेण्याची सोय

आयओएस 7 या आयपॅडच्या कार्यप्रणालीबरोबर व्यवस्थापित वितरण आलं. यात कोड हा प्रकारच नाही. शाळा अ‍ॅपच्या प्रती विकत घेते आणि ते परवाने शाळेच्या खात्यात जमा राहतात. तिथून ते वाटायचं काम एमडीएम, म्हणजे दूरवरून उपकरणं सांभाळणारी प्रणाली करते. परवाना एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतो. मुलाला मिळतो तो वापराचा हक्क, मालकी शाळेची. वर्षाअखेरीस तीसही परवाने परत येतात आणि जूनमध्ये रिकामी झालेली जागा ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथलं नवं शालेय वर्ष सुरू होताना, नव्या मुलाला मिळते. वरच्या हिशेबातले दुसरे आणि तिसरे दीडशे डॉलर इथे वाचतात.

परवाना काढून घेतला तरी अ‍ॅप लगेच बंद पडत नाही. व्यक्तीला दिलेल्या अ‍ॅपसाठी तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्यात आपलं काम जपून ठेवावं किंवा स्वतःच्या पैशाने अ‍ॅप घ्यावं, ही अपेक्षा.

तेरा वर्षांखालच्या मुलांचं काय

2013 च्या या रचनेत एक मोठी फट होती. परवाना अ‍ॅपल आयडीला दिला जाई आणि त्यासाठी त्या व्यक्तीने आमंत्रण स्वीकारावं लागे. शिक्षकांसाठी हे ठीक होतं. प्राथमिक शाळेतल्या सात वर्षांच्या मुलाचं काय? मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या 1998 च्या अमेरिकी कायद्यामुळे तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. 2014 मध्ये अ‍ॅपलने अशा विद्यार्थ्यांना पालकांच्या संमतीने आयडी देण्याची सोय केली खरी. पण शेकडो पालकांकडून संमती मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने सहलीची संमतीपत्रं गोळा केली आहेत त्याला सांगायला नको.

खरं उत्तर 2015 मध्ये आयओएस 9 बरोबर आलं. परवाना व्यक्तीऐवजी थेट उपकरणाच्या अनुक्रमांकाला देता येऊ लागला. आयडी नको, आमंत्रण नको, पासवर्डही नको. ट्रॉलीतल्या आयपॅडला शोभेल अशी व्यवस्था पहिल्यांदाच मिळाली. बाकावर पांढऱ्या रंगात घातलेल्या क्रमांकाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

हिशेब मात्र बदलतो. व्यक्तीला दिलेला एक परवाना तिच्या आयपॅडवर आणि फोनवरही चालतो. उपकरणाला दिलेला त्या एकाच उपकरणापुरता असतो. म्हणून मुलांच्या ट्रॉलीसाठी उपकरणाचा परवाना आणि दोन-दोन उपकरणं वापरणाऱ्या शिक्षकांसाठी व्यक्तीचा, अशी वाटणी मला योग्य वाटते.

बदल करताना

पहिलं काम म्हणजे नवे कोड घेणं थांबवणं. खरेदीचं खातं एकाच्या हातात आणि एमडीएम दुसऱ्याच्या, असं असेल तर जुन्या सवयीने कोड येत राहतात.

दुसरं काम मोजदादीचं, आणि वेळ तिथेच जातो. कुठले कोड वटले, कुठले पडून आहेत, कुठले कॉन्फिगरेटरमध्ये अडकले आहेत हे आधी कागदावर यायला हवं. उपकरणंही तपासावी लागतात. 2010 चा पहिला आयपॅड आयओएस 5 च्या पुढे गेलाच नाही, त्यामुळे त्याला ही व्यवस्था लागूच पडत नाही. 2011 चा आयपॅड 2 मात्र आयओएस 9 पर्यंत पोचला. हा फरक ध्यानात न घेता परवाने मोजले, तर आकडा चुकतो.

मग खरेदीच्या खात्यातून एक टोकन उतरवून घेऊन एमडीएमला द्यायचं. शाळेचे परवाने कुठले, हे एमडीएमला त्यावरून कळतं. एक टोकन एकाच प्रणालीला द्यावं. दोन प्रणाल्यांना तेच दिलं, तर एकीने दिलेला परवाना दुसरी काढून घेते आणि भर वर्गात अ‍ॅप गायब होतं. मोफत अ‍ॅपसुद्धा शून्य किमतीला रीतसर खरेदी करावी लागतात, नाहीतर ती या वाटेने पाठवता येत नाहीत. सुरुवातीला हे हमखास विसरलं जातं.

2016 मध्ये अ‍ॅपल स्कूल मॅनेजर ही शाळांसाठीची सेवा आली आणि पुढे तिच्यात शाळावार विभाग करण्याची सोय झाली. एका शाळेत न वापरलेले परवाने त्याच शाळा-जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेकडे वळवता येऊ लागले. जुनी घाऊक खरेदी योजना त्यानंतर बंद झाली.

मुलांनी केलेलं काम

या सगळ्यात जपायची गोष्ट एकच आहे, आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे. अ‍ॅपच्या आत मुलांची चित्रं, ध्वनिमुद्रणं, अर्धवट गोष्टी असतात. एमडीएमने अ‍ॅप काढलं की आतली माहितीही जाते. जुनं कोडवालं अ‍ॅप काढून नवं चढवणं हा वरवर सोपा दिसणारा मार्ग आहे, पण त्यात वर्षभराचं काम पुसलं जाऊ शकतं.

यावर आयओएस 9 पासून एक चांगला उपाय आहे. आधीपासून असलेलं अ‍ॅप न काढताच एमडीएमला ते आपल्या ताब्यात घेता येतं. देखरेखीखालच्या आयपॅडवर हे निमूट होतं. इतर आयपॅडवर वापरणाऱ्याला विचारलं जातं. तरीही आधी चार-पाच आयपॅडवर करून पाहावं, ते ज्या मुलांच्या हातात असतात त्यांच्याकडून आतलं काम उघडून घ्यावं आणि मगच सगळ्या ट्रॉलीला हात लावावा. हे सुट्टीत करू नये. मुलं समोर असताना करावं. आपलं काय हरवलं ते तीच सांगू शकतात.

एमडीएम आयपॅडवर जे व्यवस्थापनाचं प्रोफाइल बसवते, त्याचाही विचार हवा. 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांनी मुलांना आयपॅड वाटले आणि काही आठवड्यांतच काही शाळांतल्या विद्यार्थ्यांनी व्यवस्थापनाचं प्रोफाइल काढून टाकलं. प्रोफाइल गेलं, तर त्यातून आलेली अ‍ॅपही जाऊ शकतात. म्हणून आयपॅड देखरेखीखाली घेऊन प्रोफाइल काढता येणार नाही अशी नोंदणी आधी करावी, परवाने नंतर पाठवावेत.

जे परत येत नाही

पुस्तकं या व्यवस्थेत परत घेता येत नाहीत. एकदा एखाद्या व्यक्तीला दिलेलं ई-पुस्तक तिचंच राहतं, आणि उपकरणाला ते देता येत नाही. अ‍ॅपच्या आतली खरेदीही घाऊक होत नाही. अ‍ॅप मोफत, पण उपयोगी भाग आत पैसे भरून उघडायचा, असं असेल तर शाळेला तो भाग या मार्गाने मिळत नाही. त्यासाठी विकसकाशी वेगळं बोलावं लागतं, किंवा त्याने शाळांसाठी सगळं एकत्र असलेलं वेगळं अ‍ॅप काढलं आहे का ते पाहावं लागतं.

टोकनची मुदत एक वर्षाची असते. ते वेळेत नवं केलं नाही, तर वाटप थांबतं. ज्याने टोकन उतरवलं त्या शिक्षकाची तोवर बदली झालेली असू शकते. म्हणून टोकनची तारीख आणि ते कुठल्या खात्यातून घेतलं, या दोन्ही गोष्टी आयपॅडचे क्रमांक जिथे लिहिले आहेत त्याच रजिस्टरमध्ये, त्याच पानावर लिहून ठेवाव्यात.