कचेरी हलली, नाव गेले

धुळ्याहून सुरतेकडे निघालेली एसटी साक्रीला थांबली की निम्मी गाडी रिकामी होते. उतरणाऱ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात आणि पिशवीत घडी घातलेले कागद. सातबारा, रेशनकार्ड, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले तर उत्तर ठरलेले, "तहशीलमा काम शे." खानदेशात तालुक्याचे गाव म्हणजे काय, हे या तीन शब्दांत आले. बाजार, दवाखाना, सिनेमा हे सगळे त्यानंतर.

साक्री हा आज धुळे जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. जिल्ह्याची जवळपास एक तृतीयांश जमीन एकट्या साक्रीत आहे. पण 1880 सालचे खानदेशचे गॅझेटियर उघडून तालुक्यांच्या यादीत साक्री शोधायला जाल, तर सापडणार नाही. कॅम्बेलसाहेबांनी संपादलेल्या त्या जाडजूड खंडात तेव्हाच्या अखंड खानदेश जिल्ह्याचे सोळा तालुके दिले आहेत. अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, चोपडा, धुळे, एरंडोल, जामनेर, नंदुरबार, पाचोरा, शहादा, शिरपूर, तळोदा ही नावे ओळखीची. उरलेली चार मात्र आज तालुका म्हणून कुणी घेत नाही : नशिराबाद, सावदा, विरदेल आणि पिंपळनेर. नशिराबादचा जळगाव झाला, सावद्याचा रावेर, विरदेलचा शिंदखेडा आणि पिंपळनेरचा साक्री. ही चारही गावे जागच्या जागी आहेत, नांदती आहेत. तालुक्याची पाटी तेवढी दुसऱ्या गावावर गेली.

मुळात खानदेश जिल्हा झाला तो 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला कारभारी. त्याने ठाणे धुळ्यात मांडले आणि पांझरेच्या काठी नवी पेठ वसवली. मुलूख उजाड, डोंगरात भिल्लांचे बंड. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि ज्यांच्यापासून बंदोबस्त करायचा, त्यांनाच बंदोबस्ताच्या कामी लावले. मग मोजणी आली. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या पट्ट्यात रयतेने मोजणीदारांना हुसकावले आणि सरकारला फौज पाठवावी लागली. मोजणीची साखळी शेतात आली की सारा वाढणार, हे रयतेला कुणी समजावून सांगावे लागले नव्हते.

1906 मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. पूर्वेचे ठाणे जळगाव. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या त्या यादीत ज्याच्या नावाचा तालुकासुद्धा नव्हता, ते गाव जिल्ह्याचे ठाणे झाले! ही करामत रेल्वेची आणि कापसाची. अमेरिकेतल्या यादवीने 1861 ते 1865 या काळात खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वे आली, आणि गाठी लादायला जळगावचे स्टेशन सोयीचे पडले. नशिराबाद तिथून दहाएक किलोमीटरवर. आज भुसावळला जाताना हायवेवरून ते मागे पडते आणि गाडीतल्या कुणाला त्याचे काही वाटत नाही.

सावद्याचे दुःख वेगळे. केळीच्या व्यापारात सावद्याचे नाव आजही रावेरइतकेच मोठे आहे. गावाला नगरपालिका आहे, नाही ती तहसील. शेजारच्या फैजपूरची गंमत तर आणखी न्यारी. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन इथे भरले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, म्हणून साऱ्या देशाला हे नाव माहीत. इथे प्रांताधिकाऱ्यांची कचेरी आहे, तिच्या हाताखाली यावल आणि रावेर हे दोन तालुके येतात, पण फैजपूर स्वतः तालुका नाही. प्रांत फैजपूरला आणि सातबाऱ्यासाठी यावलला!

विरदेलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिंदखेड्याला 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेचे स्टेशन मिळाले, विरदेल खेडे राहिले. पण याच तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ 14 एप्रिल 1944 रोजी क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. कचेरी म्हणजे नुसते दप्तर नव्हते, ती तिजोरीही होती, आणि तिजोरीला रस्ता लागतो. म्हणून तर कचेऱ्या रस्त्यावर आल्या.

आता पिंपळनेर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे. पांझरा तिथे उगम पावते आणि डोंगर सोडून सपाटीला लागते तिथे पिंपळनेर आहे. जुन्या काळी या पट्ट्यात पाऊस सरला की हिवताप सुरू व्हायचा. पश्चिमेकडे बदली म्हणजे शिक्षा, असे कारकून मंडळी मानत. साक्री कान नदीवर, मोकळ्या मैदानात, सुरतेच्या वाटेवर. कचेरी तिकडे गेली याचे नवल नाही. निजामपूर, भामेर, बळसाणे हा उत्तरेचा भागही साक्रीलाच जवळ. भामेरच्या किल्ल्याखाली कोरीव दरवाजांचे अवशेष पाहिले की कळते, सत्तेची जागा इथे त्याआधीही हललेली आहे.

पण कचेरी नव्हती तेव्हाही, आणि गेली तेव्हाही, पिंपळनेरच्या बाजूला एक कारभार चालूच होता. फडाचा. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. तीन-चारशे वर्षांची ही पद्धत. एका फडात त्या साली एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता फड कोरडा ठेवायचा, हे सगळे खातेदार बसून ठरवत. शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असे. त्यामुळे दुष्काळात एक फड सोडून दिला तरी तोटा एकट्याच्या डोक्यावर पडत नसे. पाटाच्या तोंडाशी बसून दांडगाई करणाऱ्यालाही शेपटाकडे शेत असेच.

यात माणसे तीन. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या पीक राखणार, हवालदार त्यांच्यावर नजर ठेवणार. पाटकऱ्याचे काम पाहण्यासारखे. खांद्यावर फावडे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले. शेतात पाणी वळवणाऱ्या बाऱ्याच्या तोंडाशी दोन फावडी चिखल टाकला की एक शेत बंद, दोन फावडी काढला की पुढचे चालू. शेताचा मालक घरी असला काय, लग्नाला गेला काय, पाळी आली की पाणी जायचे. मालकाने स्वतः बाऱ्याला हात लावायचा नाही. मजुरी धान्यात, खळ्यावर. जागल्याने गुरे पिकात शिरू दिली तर जाब त्यालाच. नोंदवही नाही, शिक्का नाही, अपील नाही. माझ्या मते साक्री तालुक्यातली सर्वांत चोख तहसील हीच. पुढे लाटीपाडा, मालनगाव अशी सरकारी धरणे झाली, विहिरींवर मोटरी बसल्या, ज्याला त्याला आपापल्या वेळी पाणी मिळू लागले आणि फड खिळखिळे झाले. ते वाईटच झाले असे म्हणायला मी तयार नाही, कारण फडात ज्याची जमीन नव्हती त्याला त्या चोखपणाचा उपयोग शून्य होता. डोंगरातल्या कोकणी आणि भिल्ल पाड्यांच्या वाट्याला तो पाट कधीच आला नाही.

त्या पाड्यांपैकी बारीपाड्याने मात्र आपला कारभार आपण मांडला. उजाड डोंगर गावाने नियम करून राखला, जंगल परत आणले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. 2004 पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते.

दरम्यान कागदावरच्या रेषा हलतच होत्या. 1960 मध्ये गुजरात वेगळा होताना पश्चिम खानदेशातली 156 गावे तिकडे गेली. त्याच वर्षी पूर्व आणि पश्चिम खानदेश ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे आली. 1 मे 1962 ला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आल्या, पुढे मामलेदाराचा तहसीलदार झाला. 1985 च्या आदेशाने साक्रीच्या पश्चिमेची गावे अनुसूचित क्षेत्रात धरली गेली. म्हणजे एकाच तालुक्यात दोन कायदे. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि धुळ्याकडे चारच तालुके उरले. पश्चिमेचे डोंगर तिकडे गेले, साक्रीचे तेवढे इकडे राहिले. साक्रीत अजून रेल्वे नाही. ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे.

आणि उमरपाटा, वार्सा, कुडाशीच्या माणसाला दाखल्यासाठी आधी पिंपळनेर गाठायचे, मग तिथून पुढे पंचवीसेक किलोमीटर साक्री. साहेब दौऱ्यावर असले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मजुरी बुडाली, भाडे गेले. ही तक्रार कचेरी हलली त्या दिवसापासूनची असणार.

अखेर सरकारने उपाय काढला. पिंपळनेरला अपर तहसील कार्यालय सुरू झाले. अपर तहसीलदार बसतात, दाखले मिळतात. पश्चिमेच्या माणसाचा एसटीचा एक टप्पा वाचला. पाटीवर गावाचे नाव पिंपळनेर आहे. त्याखाली तालुका साक्री.