परसातले गाजर गवत आणि अंगाची खाज

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या, की आपल्या घोडेगाव परिसरात बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि परसात गाजराच्या पाल्यासारखी पाने तरारून येतात. पुढे त्यावर बारीक पांढरी फुले दिसतात. हेच गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया धरतात.

माझ्याकडे कांदा खुरपणारे एक साठीचे गृहस्थ आले. पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या काळवंडून जाड झालेल्या. नायटा समजून त्यांनी दोन वर्षे मनानेच मलमाच्या नळ्या लावल्या होत्या. मुळात हा त्रास गाजर गवताच्या ॲलर्जीचा होता. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेला बाधते. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याने उडून उघड्या अंगावर बसतो. वर्षानुवर्षे काही न होता अचानक त्रास सुरू होतो आणि एकदा ॲलर्जी जडली की सहसा ती पाठ सोडत नाही. काहींना शिंका व दम्याचाही त्रास होतो.

मग परसातले गवत काढायचे कसे? फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडाला रुमाल हवाच. फुले न आलेल्या झाडांचे कंपोस्ट होते. फुले आलेली झाडे खोल खड्ड्यात पुरावीत. जाळू नयेत, धूरही बाधतो. मिठाचे पाणी फवारल्याने गवत मरते, पण बागेची मातीही बिघडते. मोकळ्या जागेत पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट वाढून गाजर गवताला दाबतो. १९८० च्या दशकात आपल्या देशात आणलेला मेक्सिकन भुंगा याची पाने खातो. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा दिसला तर तिथे कीटकनाशक मारू नये.

काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. खाज टिकली तर मनाने मलम लावू नये. दम लागला तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आणि ज्याला ॲलर्जी आहे, त्याने हे गवत उपटू नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे.