धूर नाही म्हणून धोका नाही?

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे गार वारे सुटले की मराठवाड्यात पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. हदगाव परिसरात नव्या घरांना खाली एक शटरची खोली असते. दिवसा तिथे मोटारसायकल, फवारणीचा पंप, सोयाबीनची पोती. रात्री आजोबांची खाट किंवा राखणीच्या गड्याचे अंथरूण. वर पत्रे आणि पुढे लोखंडी शटर, त्यामुळे ही खोली लवकर गार पडते. मग घमेल्यात पऱ्हाट्या पेटवायच्या, धूर ओसरला की निखारे आत घ्यायचे आणि शटर ओढून झोपायचे. धूर गेला म्हणजे भीती गेली, असा समज असतो. घात होतो तो नेमका इथेच.

न दिसणारा वायू

लाकूड, कोळसा, गॅस, पेट्रोल काहीही पुरेशा हवेविना जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुरही नाही. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून तो भरपूर निघतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद करून गॅस हीटर लावला होता. साधन नवे असो वा जुने, बंद खोलीत ज्वाला हवा खाते, हा नियम बदलत नाही.

निखाऱ्यांजवळ पाण्याचे भांडे ठेवले की गॅस शोषला जातो, असे अनेक जण मानतात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्या भांड्याचा उपयोग नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत आजही आहे. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी हवी आणि शेक झाल्यावर शेगडी बाहेर गेली पाहिजे. गरोदर बाई, तान्हे बाळ, हृदयरोगी आणि वृद्ध यांना हा वायू अधिक लवकर बाधतो.

मग ऊब कशाने आणायची?

शेगडी, शेकोटी आणि गॅस हीटर यांची जागा अंगणात. बंद खोलीत विजेचे साधन बरे, कारण त्यात काही जळत नाही. मात्र जिथे गाडी उभी असते तिथे आणखी एक धोका आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. लालबुंद तारेचा हीटर खाली ठेवला तर ठिणगी पुरेशी होते. त्यामुळे गाडी आणि पेट्रोलचा डबा रात्री बाहेर काढावा. ते शक्य नसेल तर त्या खोलीत हीटर लावू नये आणि कोणाला झोपवूही नये. शटर बंद असताना इंजिन किंवा जनरेटर तर कधीच चालू करू नये.

हीटर घेताना उघड्या तारेपेक्षा तेल भरलेला, आपोआप बंद होणारा हीटर निवडावा. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज घेतो आणि सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्यासाठी अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट लागते. मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेंशन बोर्डावर तो लावला तर वायर वितळते. अंथरूण आणि कापसाची गाठोडी त्याच्यापासून हातभर तरी लांब असावीत.

खर्च वाचवायचा असेल तर खोलीऐवजी माणूस उबदार करणे सोपे. खाटेखाली सतरंजी किंवा पोते, अंगावर गोधडी, डोक्याला मफलर, पायात मोजे आणि झोपण्याआधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही. त्यांनी पिशवी कापडात गुंडाळावी आणि झोपताना काढून ठेवावी.

ओळखावे कसे?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायांतली शक्ती जाणे ही सुरुवात. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. पण एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर संशय पक्का समजावा. कोरोनाकाळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेतही तो ९८ दाखवू शकतो, कारण वायू चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते.

असे कोणी आढळले तर आधी शटर-खिडक्या सताड उघडाव्यात, श्वास रोखून आत जावे आणि माणसाला मोकळ्यावर आणावे. तिथे विजेचे बटण चालू-बंद करू नये. १०८ ला फोन करताना बंद खोलीत शेगडी होती, हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिल्यास तेच काम तासा-दीड तासात होते. म्हणून ऑक्सिजन नांदेडला पोहोचल्यावर नव्हे, रुग्णवाहिकेतच किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात सुरू व्हायला हवा. शुद्ध आल्यावरही डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी जाऊ नये. विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणे असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात.

आज रात्री शटर ओढण्यापूर्वी एकदा आत पाहावे. काही धगधगत असेल तर ते बाहेर, आणि मगच अंथरूण.