अन्नाची ॲलर्जी असलेले मूल आणि मराठी स्वयंपाकघर

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी व परजीवींशी लढण्यासाठी असते. परंतु काही मुलांत ती दूध, अंडे, शेंगदाणा किंवा कोळंबी यांतील निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट घटक ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, तयार करते. ते अन्न पुन्हा पोटात गेले की बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, हिस्टॅमीनसारखी रसायने शरीरात सुटतात आणि अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात किंवा धाप लागते. दूध न पचणे हा याहून वेगळा प्रकार आहे. त्यात दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर कमी पडल्याने पोट फुगते व जुलाब होतात, पण जिवाला धोका नसतो. दुधाच्या ॲलर्जीत मात्र चमचाभर दूधही घातक ठरू शकते. आणि गाईऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देऊन पाहावे, हा घरोघरी मिळणारा सल्ला येथे धोक्याचा आहे, कारण या दुधांतील प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असतात.

अशा मुलाच्या संगोपनात दोन विरुद्ध चुका होतात. अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावून विषय संपवला जातो, ही पहिली. आणि रक्ततपासणीच्या लांबलचक यादीत ज्या ज्या पदार्थापुढे खूण दिसते तो तो ताटातून कायमचा काढून टाकला जातो, ही दुसरी. बंगळूर व मैसूर येथील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले, मात्र खरी ॲलर्जी असण्याचा संभव केवळ १.२ टक्के लोकांत दिसला. म्हणजे तपासणीतील खूण हा आजार नव्हे. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, याची तपशीलवार हकीकत, त्वचेवरील चाचणी आणि गरज पडल्यास रुग्णालयात देखरेखीखाली ते अन्न थोडे थोडे खायला देऊन केलेली परीक्षा, यांवरूनच निदान पक्के होते. दूध, गहू, डाळ, अंडे असे सारेच बंद केलेल्या मुलाची वाढ खुंटते, आणि हे नुकसान ॲलर्जीमुळे नव्हे तर घाईने घातलेल्या बंदीमुळे झालेले असते.

निदान पक्के झाल्यावर मात्र त्या एका पदार्थाची बंदी काटेकोर असावी लागते, आणि मराठी स्वयंपाकघरात ती पाळणे सोपे नाही. दाण्याचे कूट साबुदाण्याच्या खिचडीत दिसते, पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि अळूच्या फदफद्यात ते सहज लक्षात येत नाही. संक्रांतीच्या तिळगुळातही अनेक घरी ते मिसळलेले असते. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहतो, रिफाइंड तेलात तो जवळजवळ उरत नाही. बाजारातील बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या वरणाची फोडणीही तपासावी लागते. किनारपट्टीच्या घरांत ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बटाट्याचे काप तळले जातात, आणि भाजीत चवीपुरता घातलेला सुका जवळा मुलाला भोवतो. पाकिटावरील घटकांची यादी वाचणे हा रोजचा नियम हवा. मात्र भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांत ॲलर्जीकारक म्हणून वेगळे नमूद करावयाच्या पदार्थांत तिळाचा समावेश नाही, ही उणीव तीळ खाणाऱ्या या प्रांताला विशेष जाणवणारी आहे. सर्वांत कठीण असते ते प्रेमाने भरवणाऱ्या नातलगांना सांगणे. ‘एवढ्याशाने काय होते’ या शब्दांमागे माया असते, परंतु ॲलर्जीत एवढेसेच पुरते.

ॲलर्जी होईल या भीतीने तान्ह्या बाळापासून शेंगदाणा दूर ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केलेल्या बाळांत पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून तो बारीक वाटून पेजेत कालवूनच द्यावा. आणि बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

श्वास अडणे, आवाज बसणे, मूल एकाएकी गळून जाणे ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे सर्व शरीराला एकदम ग्रासणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेची, लक्षणे होत. तिच्यावर पहिले औषध ॲड्रिनलिन हेच. खाज थांबवणारे सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. मांडीच्या बाहेरील स्नायूत टोचण्याची मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम, इतकी असते. आपोआप टोचले जाणारे तयार पेन भारतात सहजासहजी मिळत नसल्यामुळे डॉक्टरांकडून कुपी, सिरिंज आणि त्या सिरिंजवर मात्रेची खूण करून घ्यावी, टोचण्याचा सराव त्यांच्यासमोर करावा आणि तोच संच, लेखी सूचनांसह, शाळेतही ठेवावा. मुलाला उभे करू नये वा चालवू नये. आडवे ठेवावे, धाप लागत असेल तर बसते ठेवावे. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात.