आपल्यासारखा दिसणारा एक तरी सोबती

परदेशी दत्तक गेलेल्या मुलाला प्रेमळ आईबाप मिळतात, चांगली शाळा मिळते. पण आपल्याच रंगरूपाचे मित्र त्याला कोण मिळवून देणार?

भुसावळहून इटारसीच्या दिशेने निघाले की बऱ्हाणपूर लागते आणि पुढे खांडवा. १९८६ साली खांडव्याचा पाच वर्षांचा एक मुलगा बऱ्हाणपूरच्या स्टेशनात भावाची वाट पाहता पाहता एका गाडीत चढला, तिथेच झोपला आणि अखेर कलकत्त्याला जाऊन पोहोचला. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्ट शहरातल्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतले. सरू ब्रायर्लीची ही कहाणी २०१३ मध्ये पुस्तकातून आणि २०१६ मध्ये ‘लायन’ या चित्रपटातून जगभर गेली. संगणकावरच्या नकाशात त्याने आपले गाव कसे शोधले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. एक लहानशी गोष्ट मात्र दुर्लक्षितच राहिली.

सरूच्या नव्या आईने त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला होता. प्रेमात काही कमी नव्हते. पण २००७ मध्ये हॉटेल व्यवस्थापन शिकण्यासाठी तो कॅनबेराला गेला, तेव्हा तिथे भारतातून आलेले विद्यार्थी त्याच्या रोजच्या सहवासात आले. त्यांचे खाणे, त्यांची बोली, त्यांच्या गप्पा. या सोबतीत त्याला आपल्यातला भारतीय पुन्हा भेटला आणि घर शोधण्याच्या इच्छेने जोर धरला. तोवर त्याने पंचविशी ओलांडली होती! भिंतीवरच्या नकाशाला जे साधले नाही, ते चार मित्रांनी साधले.

आईबापांना जे दिसत नाही

गोऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या सावळ्या मुलाला घरात आपला रंग जाणवत नाही. तो जाणवतो शाळेच्या अंगणात. ‘तू खरा कुठला?’, ‘तुझी खरी आई कोण?’ हे प्रश्न तिथे सुरू होतात. मूल घरी येऊन सांगते आणि आई कळवळून म्हणते, ‘आम्हाला तर तुझा रंग दिसतच नाही.’ हे ती मनापासूनच म्हणते. पण रंग तर मुलाला रोज आरशात दिसत असतो. ज्या माणसाला कातडीच्या रंगावरून कधी कुणी हटकले नाही, तो मायेने धीर देऊ शकतो, अनुभवाचा सल्ला कुठून देणार? तो सल्ला देऊ शकतो तो याच वाटेवरून चाललेला, दोन वर्षांनी मोठा असा एखादा मुलगा किंवा मुलगी.

कायद्याने हे अगदीच दुर्लक्षिले आहे असे नाही. १९९३ च्या हेग करारातील सोळावे कलम सांगते, की मूल परदेशी देताना त्याच्या वंशाचा, धर्माचा आणि संस्कृतीचा योग्य विचार व्हावा. भारताने हा करार २००३ मध्ये मान्य केला. त्याआधी १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी आधी भारतीय कुटुंब शोधावे, असा दंडक घातला होता. पण हे सारे मूल सोपवण्यापुरते. त्यानंतरच्या पाठपुराव्याचे अहवाल दोन वर्षे येतात आणि थांबतात. रंगाचे प्रश्न तर त्यानंतरच उभे राहतात.

कोरियन मुलांनी काढलेली वाट

या बाबतीत सर्वात आधी शहाणी झाली ती कोरियातून गेलेली मुले. कोरियन युद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात सुमारे दोन लाख मुले दत्तक गेली. गावात आपल्या चेहऱ्यामोहऱ्याचे दुसरे कुणीच नाही, अशा स्थितीत त्यातली कितीतरी वाढली. मोठी झाल्यावर त्यांनी एकमेकांना शोधले. स्वीडनमध्ये १९८६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभारली आणि १९९९ मध्ये वॉशिंग्टनला अनेक देशांतली अशी प्रौढ मंडळी एकत्र जमली. आईबापांनी जे बालपणी करायला हवे होते, ते त्यांनी आपल्या हिमतीवर केले.

पुढे पालकही जागे झाले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात भारत आणि नेपाळमधून आलेल्या दत्तक मुलांसाठी कौटुंबिक शिबिरे भरू लागली. तिथे नाच, स्वयंपाक, हस्तकला असे सगळे असते. पण खरी गंमत असते ती रिकाम्या वेळात, जेव्हा मुले आपापसात बोलतात. दत्तक म्हणूनच वाढलेले मोठे तरुण तिथे ताई-दादा होऊन येतात. मुलाला पहिल्यांदाच असा घोळका मिळतो, ज्यात त्याला स्वतःबद्दल काही समजावून सांगावे लागत नाही.

तरीही वर्षातून चार दिवस सलवार-कमीज घालून बिर्याणी खाल्ली की कर्तव्य संपले, असे मानणारे पालक आहेतच. आमच्या मते हा निव्वळ देखावा झाला. उरलेल्या वर्षात शाळा, खेळाचे मैदान, दाताचा डॉक्टर, शेजार यांत मुलाच्या रंगाची माणसे दिसतात का, हे पाहायला हवे. त्यासाठी प्रसंगी शाळा किंवा राहती वस्ती बदलावी लागली, तर ती मोठ्यांनी बदलावी. कारण आपले जग बदलून आलेले मूल आहे, पालक नव्हेत.

बारा-तेराव्या वर्षी मूल ‘मला नाही यायचे शिबिराला’ म्हणून अडून बसते. अशा वेळी सक्ती करू नये, पण दारही बंद करू नये. एखाद्या मित्राशी पत्राने, फोनने गाठ राहिली तरी पुरे. अठरा-वीसच्या सुमारास तोच धागा ते स्वतः होऊन पकडू शकते.

आपल्या घरातला प्रश्न

आता थोडे आपल्याविषयी. अशी कुटुंबे मुलाला घेऊन परदेशातल्या भारतीयांच्या कार्यक्रमांना येतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवालाही येतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना तिथे असतात, कुणी आजी-आजोबा म्हणून सहा महिने राहूनही येतात. आणि तिथे त्या मुलाच्या वाट्याला काय येते? ‘आडनाव काय?’, ‘मराठी येत नाही?’, ‘अरेरे, कुठल्या आश्रमातली?’ शाळेत तो पुरेसा गोरा नव्हता, मंडळात तो पुरेसा भारतीय नसतो. एकदा असे झाले की ते मूल पुन्हा त्या सभागृहाची पायरी चढायला राजी होत नाही, आणि त्याच्या गोऱ्या आईला कारणही कळत नाही.

खरे तर करण्यासारखे फार थोडे असते. मुलाच्या आईबापांना प्रसादाच्या रांगेत इतरांसारखेच उभे राहू द्यावे, त्यांचे कौतुक करीत बसू नये. मुलाला कितवीत आहेस, काय खेळतोस, एवढेच विचारावे. आपल्या नातवाला हाक मारून दोघांना बाहेर चेंडू खेळायला पिटाळावे. आणि पुढच्या शनिवारी नातवाच्या वाढदिवसाला त्यालाही बोलवावे, तेही इतर मुलांना बोलावतो तसेच, त्याच्या घरी फोन करून.