गाडी म्हातारी झाली नव्हती, रबर झालं होतं!

क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. गाडीबद्दलचे माझे फंडे इथे सुरू व्हायचे आणि इथेच संपायचे. पेट्रोल टाकायचं, हवा भरायची आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला सोडून यायचं. बास! तुमचंही साधारण असंच आहे ना? मग माझी ही फजिती तुमच्यासाठीच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा, कर्वे रोड, नळ स्टॉपचा सिग्नल. शेजारी आई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात चढणं-उतरणं तिला जमत नाही. त्यामुळे बाबांनी २००५ मध्ये घेतलेली सेदान हाच आमचा आधार. सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली आणि बॉनेटखालून कर्कश किंकाळी! डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग इतकं जड झालं, की वळताना माझे खांदे भरून आले.

"अगं, आधी बाजूला घे," आई म्हणाली. घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी एका चकाचक वर्कशॉपमध्ये. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी आणि हातात एस्टिमेट : अल्टरनेटर नवा, पॉवर स्टिअरिंगचा पंप नवा, एकूण ३१ हजार रुपये! वर "घरी कोणी जेंट्स आहेत का? त्यांना नीट समजावून सांगतो" हेही झालं. शेवटी सल्ला, "मॅडम, २० वर्षांची गाडी. खर्च कशाला करता? नवी घ्या, ईएमआय बसवून देतो."

फ्रीलान्सरकडे चेक दर महिन्याला येतोच असं नाही. ईएमआय मात्र न चुकता येतो. त्या रात्री मी विक्रीच्या जाहिरातीसाठी गाडीचे फोटोसुद्धा काढले. आई ते बघत होती. "विकायची तर विक," ती म्हणाली, "पण बाबांच्या मिस्त्रींना एकदा दाखव तरी."

मिस्त्रीकाकांचं गॅरेज म्हणजे नाना पेठेच्या एका गल्लीतली पत्र्याची शेड. गाडी टो करून नेली. काकांनी बॉनेट उघडलं, चार्जर लावलेली बॅटरी बसवली आणि खिशातून चक्क खडू काढला. इंजिनच्या बाजूला खाली एक चाक असतं, त्यावर मधल्या भागापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. इंजिन सुरू केलं. पाचेक मिनिटांनी बंद करून मला बोलावलं.

"ताई, बघा."

रेघ तुटली होती. मधला तुकडा एकीकडे, कडेचा दुसरीकडे.

हीच ती क्रँक पुली. इंजिनमधला क्रँकशाफ्ट फिरतो, त्याच्या टोकाला ही पुली असते. तिच्यावरच्या बेल्टवर अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर चालतो. दिसायला ती एकसंध वाटते, पण माझ्या गाडीत मधला भाग वेगळा, बाहेरची कडा वेगळी आणि दोघांच्या मध्ये रबराची रिंग. सिलिंडरमध्ये आळीपाळीने स्फोट होतात, तेव्हा क्रँकला बसणारे झटके हे रबर पचवतं. पण उष्णता, ऑइल आणि वय यामुळे रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात आणि ते सुटतं. मग मधला भाग फिरत राहतो आणि कडा मागे राहते. बेल्टला जोर मिळत नाही. म्हणून बॅटरीचा दिवा, म्हणून जड स्टिअरिंग. रोग दोन नव्हतेच!

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्येच ठाण मांडलं. बॅटरीची वायर काढली, पुढचं एक चाक काढून गाडी स्टँडवर घेतली, बेल्ट उतरवला. क्रँकचा बोल्ट मात्र हलेना. "गाडीत बसा, टॉप गिअर टाका आणि ब्रेक दाबून धरा," काकांनी सांगितलं. मी अंगातला सगळा जोर ब्रेकवर लावला. बाहेर लांब पाइप, गोटी पाना आणि काका. कडाक! बोल्ट सुटला.

जुनी पुली त्यांनी पुलर मधल्या भागाला लावून ओढली. हातोडा नाही. शाफ्टवरची छोटी चावी आणि तिची खाच झिजली नाही ना, हे तपासलं. मागचं ऑइल सील घामेजलं होतं, तेही बदललं. नवी पुली, नवा बेल्ट, नवा बोल्ट आणि शेवटी टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाइतकंच आवळणं. "हा बोल्ट अंदाजाने आवळला, तर चावी तुटते आणि क्रँक खराब होतो," काका म्हणाले. इंजिन चालू करून मीटर लावला : १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर ठणठणीत!

बिल? पुली ३,२००, बेल्ट ७५०, सील २५०, बोल्ट १५०, मजुरी १,५००. एकूण ५,८५० रुपये. जुनी पुली मी मागून घेतली. खडूची तुटकी रेघ अजून आहे तिच्यावर.

गुरुवारी आईला घेऊन पुन्हा नळ स्टॉपला थांबले. सिग्नल सुटला, गाडी निघाली. काही म्हणजे काही आवाज नाही. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते फोटो काढून टाक आता."

तुमची गाडी जुनी असेल, तर...

● सुरू करताना किंवा एसी लावल्यावर बेल्ट किंचाळतो? फक्त बेल्ट बदलून सुटू नका, पुलीचं रबरही बघायला सांगा.

● इंजिन चालू असताना पुली लांबूनच बघा. डगमगत असेल तर लगेच दाखवा. ओढणी, केस, हात बेल्टपासून दूर!

● काही गाड्यांमध्ये याच बेल्टवर वॉटर पंपही चालतो. बॅटरीचा दिवा लागला आणि टेंपरेचरचा काटा चढला, तर तिथेच थांबा. इंजिन बंद!

● बऱ्याच इंजिनांमध्ये टायमिंग बेल्टपर्यंत पोचायला ही पुली काढावीच लागते. तो बदलायला आला असेल, तर दोन्ही कामं एकदम करा. मजुरी वाचेल.

● मोठं एस्टिमेट हातात पडलं, की एकच प्रश्न विचारा : "खराब झालेला पार्ट दाखवता का?"