बाल्साचे विमान आणि पॉलिशपेपर

बाल्सा हे लाकूड प्रथमच हातात घेणाऱ्यास आपल्या हातात लाकूड आहे यावर विश्वास बसत नाही. एक घनमीटर सागवान साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. तेवढेच बाल्सा बहुधा दीडशे-पावणेदोनशे किलोच्या आतच राहते. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून ते जगभर जाते. स्पॅनिश भाषेत 'बाल्सा' म्हणजे तराफा. थोर हायरडाल याने १९४७ साली पेरूच्या किनाऱ्यापासून पॉलिनेशियातील प्रवाळबेटापर्यंत १०१ दिवसांचा जो प्रवास केला, तो याच झाडाच्या ओंडक्यांवरून. विमानाच्या उडत्या प्रतिकृती करणाऱ्यांनी हे लाकूड आपलेसे केले, ते अर्थातच त्याच्या हलकेपणासाठी.

परंतु हलकेपणाबरोबर मऊपणाही येतो. बाल्सावर नखाचाही व्रण उमटतो. धारदार पाते आणि लहानसा रंधा यांनी आकार ढोबळपणे काढता येतो. अखेरचा आकार मात्र घासूनच द्यावा लागतो. नवशिका येथे एक सरळ हिशेब करतो. दुकानातून तो सुतारांच्या नेहमीच्या वापरातला पॉलिशपेपर आणतो, त्याची घडी घालतो आणि बोटाच्या टोकाने घासू लागतो. कागद चांगला असतो, मेहनतही मनापासून असते. काम मात्र बिघडते. कारण कागदाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व कागदाच्या मागे काय आहे याला असते.

बोट मऊ असते. दोन पट्ट्या जेथे डिंकाने जोडलेल्या असतात, तेथे वाळलेला डिंक बाल्सापेक्षा कितीतरी कठीण असतो. हल्लीचे क्षणात धरणारे सायनोॲक्रिलेट तर फारच कठीण. बोटाखालचा कागद कठीण भागावरून घसरतो आणि दोन्ही बाजूंचे मऊ लाकूड खातो. परिणामी सांध्यावर वरंबा उरतो व त्याच्या दोहों बाजूंस खाचा पडतात. वरून पातळ कागद ताणून बसविला, म्हणजे त्या खाचा अधिकच उठून दिसतात. दिसण्याचे एक वेळ सोडून देता येईल. परंतु डाव्या पंखाची पुढची कड उजवीपेक्षा बोथट झाली, तर दोन्ही पंखांची उचल सारखी राहत नाही. पंधरा संध्याकाळी खर्ची घालून उभारलेले विमान हातातून सुटताच एका अंगावर कलते आणि जमिनीत नाक खुपसते. मुलगा दोष देतो तो रबराला किंवा वाऱ्याला!

म्हणून पहिले साधन म्हणजे लांब, सपाट व ताठ ठोकळा. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची कठीण लाकडाची पट्टी किंवा ॲल्युमिनियमची सरळ नळी यासाठी उत्तम. ठोकळा जितका लांब, तितका तो उंचवट्यावरच टेकतो आणि खळग्याला शिवत नाही. रंध्याची पाठ लांब ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. पट्टी खरोखर सपाट आहे की नाही, हे खिडकीच्या जाड काचेवर ठेवून पाहावे; डुलली तर ती बाद. कागद पातळ गोंदाने वा दुहेरी चिकटपट्टीने पूर्ण चिकटवावा, कारण सुटलेली कड लाकडात रुतते.

या ठोकळ्याचा खरा कस पंखांच्या मधल्या सांध्यावर लागतो. विमान हवेत आपोआप समतोल साधावे म्हणून पंखांची टोके थोडी वर उचललेली असतात. साठ सेंटिमीटर लांबीचा अर्धा पंख टोकाशी पाच सेंटिमीटर उचलला, तर मुळाशी सुमारे पाच अंशांचा उतार द्यावा लागतो. तो न दिल्यास पंधरा मिलिमीटर उंचीच्या सांध्यात वरच्या कडा भिडतात आणि खाली अडीच मिलिमीटरची फट राहते. ती डिंकाने भरणे म्हणजे मोडण्याची जागा आधीच ठरवून ठेवणे होय. उपाय सोपा आहे. पंखाचे मूळ टेबलाच्या कडेशी आणावे, टोकाखाली पाच सेंटिमीटरचा आधार द्यावा आणि ठोकळा टेबलाच्या उभ्या कडेला टेकवून घासावे. कोन हाताला मोजावा लागत नाही. टेबलच तो राखते.

अर्थात सर्वत्र ताठ पाठ चालत नाही. पंखाच्या पुढच्या गोल कडेसाठी कागदाची अरुंद पट्टी दोन्ही हातांत धरून, जोडे पुसणारा फडके ओढतो तशी ओढावी. मात्र आधी ठोकळ्याने पैलू पाडून घ्यावेत. धडावर पंख बसण्याच्या खोलगट जागेसाठी योग्य जाडीच्या गोल काठीला कागद गुंडाळावा. बरगड्यांच्या मधल्या अडचणीत नखे घासण्याची पट्टी उपयोगी पडते. सारख्या आकाराच्या बरगड्या मात्र एकेक करून घासूच नयेत. प्लायवुडच्या दोन नमुन्यांमध्ये सर्व बरगड्यांची चवड टाचण्यांनी पक्की करावी आणि एकदमच घासावी.

कागदाच्या क्रमांकांविषयी थोडक्यात सांगता येते. आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. ८० क्रमांकाचा कण सुमारे एक पंचमांश मिलिमीटरचा असतो. तो बाल्साला ओरबाडतो, म्हणून ढोबळ कामापुरताच वापरावा. बहुतेक काम १५० ते २२० मध्ये उरकते व ३२० किंवा ४०० ने शेवटचा हात फिरवावा. काळा पाण्याचा कागद चालतो, पण कोरडाच. ओल लागली की बाल्साचे तंतू फुगतात.

घासण्याने वजनही घटते. पंचाहत्तर मिलिमीटर रुंद, ९१५ लांब आणि दीड मिलिमीटर जाड फळी सुमारे साडेसोळा ग्रॅम भरते. तिची जाडी दोन दशांश मिलिमीटरने कमी केली की दोन ग्रॅमांहून अधिक वजन जाते. शेपटीकडे तर याचे मोल फार. नाकाच्या तिप्पट अंतरावर शेपूट असेल, तर तेथील प्रत्येक जादा ग्रॅमासाठी नाकात तीन ग्रॅम शिसे भरावे लागते.

हे सर्व काम धुळीचे आहे. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांत केला. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, खिडकी उघडी ठेवावी आणि कागद चिकटविण्यापूर्वी सांगाड्यावरील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, तोंडाने फुंकू नये.